दिसलं पाहिजे, पण कळता कामा नये

पन्नाशीच्या बाईला "दमलीस का गं?" हे कुठल्याही वेळी विचारायला समाजाची परवानगी आहे. रात्रभर गाढ झोपून, न्हाऊन-माखून, ठेवणीतली साडी नेसून निघाले तरी जिन्यात कुणीतरी विचारणारच. दमणूक माझ्या अंगात नव्हतीच, ती गालांत होती. गालफडं बसलेली आणि नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडे घड्या. त्यात पुतणीचं लग्न डिसेंबरात. शेवटी कर्वे रोडवरच्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. "काकू, तुम्हालाच दाखवायचंय की सुनेला?" असं विचारून रिसेप्शनवरच्या मुलीने माझा निर्धार आणखीच पक्का केला.

मला वाटत होतं, गालात सुई खुपसली की काम झालं. तर डॉक्टरांनी समोर दोन पर्याय मांडले. पहिला फिलर, म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडची जेल. जिथे खळगा तिथे भरायची आणि लगेच आरशात बघायचं. साधारण वर्ष-दीड वर्ष टिकते. नाहीच आवडलं तर हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येते. दुसरा पर्याय पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड. ते स्वतः खळगा भरत नाही, नुसतं आत जाऊन शरीराला डिवचतं. मग शरीर हळूहळू त्याच्याभोवती कोलॅजेन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार करतं. तीनेक बैठका, मध्ये महिना-दीड महिना, फरक दिसायला आणखी काही महिने, पण दोन वर्षं तरी टिकतं. मात्र बिनसलं तर विरघळवायची सोय नाही. ओठांत आणि डोळ्यांभोवती हे घालायचंच नाही, गाठी होतात.

थोडक्यात, जे काढता येतं ते चारचौघांत दिसतं आणि जे दिसत नाही ते काढता येत नाही.

"शाकाहारी आहे ना?" मी विचारलं. हसू नका. १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं सुरकुत्यांचं पहिलं इंजेक्शन गाईच्या कातड्यातल्या कोलॅजेनचं होतं. आधी हातावर टोचून ॲलर्जी तपासावी लागे. हायलुरॉनिक ॲसिडही १९३४ साली पहिल्यांदा सापडलं ते गाईच्या डोळ्यात. आता ते जिवाणूंकडून आंबवून घेतात, असं कळल्यावर माझा जीव इडलीच्या पिठाइतका शांत झाला.

भाव ऐकून पुन्हा वर आला. फिलरची एक सिरिंज १ मिलीची. चहाच्या चमच्यात ५ मिली मावतं. दोन्ही गालांना मिळून दोन सिरिंज म्हटल्या तरी अर्धा चमचासुद्धा भरत नाही. शिवाय हे सगळं सौंदर्यासाठी, म्हणजे आरोग्यसेवेची सवलत नाही, जीएसटी वेगळा. संमतिपत्रात तर क्वचित रक्तवाहिनी बंद होऊन दृष्टी जाऊ शकते, असं लिहिलेलं. ते मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि डॉक्टरांना "तुम्ही किती वर्षं करताय हे?" असं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

निर्णय मात्र यातल्या कशावरच झाला नाही. तो झाला वन्संवर. माझ्या ब्लाउजचा बदललेला हुकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. फिलर घेतला असता तर सीमांतपूजनाच्या आत माझे गाल अख्ख्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चेला असते. कोलॅजेन इतकं सावकाश येतं की वन्सं फार तर "तब्येत सुधारली हो वहिनीची" म्हणतील. मला नेमकं तेच हवं होतं. लग्नापुरता थोडा फिलर आणि कोलॅजेन नंतर, असंही करतात, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे पैसे दोन्हीकडे. मी कोलॅजेनवाला दुसरा पर्याय घेतला. लग्नात आहे तोच चेहरा नेणार.

टोचलं त्या दिवशी गाल असे भरले की मला माझाच लग्नाचा अल्बम आठवला. नवऱ्याने निरखून बघितलं आणि विचारलं, "चष्मा नवा का?" पण तो भराव म्हणजे पावडर कालवलेलं पाणी. काही दिवसांत ते जिरलं आणि जुने गाल जागेवर हजर झाले. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, तरी पैसे भरलेल्या माणसाला ते बघवत नाही.

खरी परीक्षा मालिशची. गाठी होऊ नयेत म्हणून पाच दिवस, रोज पाच वेळा, पाच-पाच मिनिटं गाल चोळायचे. दोन खोल्यांच्या घरात हे गुपचूप कुठे करणार? सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बघितलं.

"दाढ दुखतेय ना? लवंग धर."

धरली. दुपारी शेजारच्या काकूंनी दाताच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. संध्याकाळी वन्संचा फोन. "वहिनी, अक्कलदाढ म्हणे? या वयात?"

"हो ना," मी म्हटलं, "उशिराच आली."

आता पुढच्या बैठकीच्या वेळी खालची दाढ दुखवावी लागेल.