पावतीवर ज्वालामुखी

गेल्या शनिवारपासून माझ्या पाकिटात एक पावती आहे. ‘प्रवासाचे ठिकाण’ या छापील शब्दांपुढे आधी ‘लोणावळा’ लिहिलंय, मग ते आडवी रेघ मारून खोडलंय आणि वरच्या मोकळ्या जागेत बारक्या अक्षरांत ‘ज्वालामुखी’ असं लिहिलंय. खाली पाच हजार रुपये आगाऊ मिळाल्याची नोंद आणि त्याखाली माझी सही. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात ज्वालामुखी आहे आणि डिसेंबरात मी माझ्या आईसकट तेरा माणसांना तो दाखवायला नेतोय, हे मी लेखी मान्य केलेलं आहे.

मी मान्य केलेलं नाही. हे सगळं लिहायचं कारण तेवढंच.

सहलीचं काम माझ्याकडे आलं, कारण घरच्या ग्रुपवर ‘या वेळी लोणार सरोवर करू या का?’ असं मीच विचारलं. आपल्याकडे जो विचारतो त्यालाच गाडी, खोल्या, जेवण आणि नंतरच्या शिव्या अशी चारही खाती मिळतात. आईला शेगाव हवं होतं. ‘जिल्हा एकच आहे ना, मग वाटेवरच असणार’ हा तिचा भूगोल. मेहुण्याला सिंदखेडराजा हवं होतं. ते खरोखरच वाटेवर आहे, त्यामुळे जिजाऊंचं जन्मस्थान बिनविरोध मंजूर झालं. तेवढंच काय ते बिनविरोध. भाचीला पाणी गुलाबी हवं होतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, ते फोटो तिनं जपून ठेवलेत. मी तिला समजावलं की त्या वर्षी पाणी आटून खारटपणा वाढला, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगानं पाणी रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून तसं सांगितलंय, आणि पुढे तो रंग गेलासुद्धा.

“म्हणजे आपण जाऊ तेव्हा नसणार?”

“नाही.”

“मग कशाला जायचं?”

धाकट्या भाच्यानं बोटिंग आहे का विचारलं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास आहे, ते पाणी म्हणजे जवळजवळ साबणाचं पाणी, असं मी लिहिलं. त्यावर बायकोनं ‘मग कपडे कमी घेऊ या’ असं लिहून हसरे चेहरे टाकले. त्या हसऱ्या चेहऱ्यांना अकरा अंगठे आले. माझ्या सामूला एकही नाही.

मी मात्र अभ्यासाला लागलो होतो. सरोवर ज्या गोल खड्ड्यात आहे ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. वयाला हात घातला की संपलं. वितळून गार झालेल्या दगडाची काच तापवून तिचा उजेड मोजला तर वय निघतं ५२,००० वर्षं. तिच्यातला आर्गॉन मोजला तर ५,७०,०००. लग्नाच्या बैठकीत मुलाचं वय कुणी असं सांगितलं तर मुलीकडचे चहा न घेता उठतील. शिवाय जिकडे पाहावं तिकडे लिहिलेलं की १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारचा शोध लावला. गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर उभं, पाण्याच्या काठावर कमळजा देवी बसलेली, गोमुखातून धार अखंड पडतेय, काच आणि साबण करायचं सगळं सामान इथं मिळतं अशी नोंद अकबराच्या दरबारात होऊन गेलेली, आणि शोध लागला १८२३ ला. या हिशेबानं आमच्या सोसायटीचा शोध दर सोमवारी नवा डिलिव्हरीवाला लावतो.

विवराचं वय एक वेळ कळलं. दुपारी तीननंतर खाली पाण्यापर्यंत सोडतात का, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. १९७९ पासून हे राष्ट्रीय भू-स्मारक आहे. २०२० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. चंद्रावरची नि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथले दगड तपासतात. आणि माझी आई, जिचे गुडघे दोन्ही बाजूंनी बोलतात, तिला वरूनच दाखवावं की निम्म्यापर्यंत न्यावं, वाटेत टेकायला कुठं काही आहे का, एवढं विचारायला मी चार नंबर फिरवले. एक अस्तित्वात नव्हता, दोन वाजत राहिले, चौथा एका सज्जन माणसानं उचलला आणि ‘तुम्ही या तर खरं’ असं म्हणून ठेवला. परदेशातल्या कुठल्याही डबक्याची माहिती काढा, झाडाखाली बाक किती आहेत इथपर्यंत मिळते. आपल्याकडे ‘या तर खरं’. आलो, आणि फाटक बंद असलं, म्हणजे? म्हणजे ‘काल यायला हवं होतं’.

असो. गाडीचं सांगत होतो.

सतरा सीटरवाल्याला फोन केला तेव्हा तो दुसऱ्या फोनवरही बोलत होता. त्यानं साडेसात हजार सांगितले. पुण्याहून लोणार जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटरच्या पुढे, एक मुक्काम, आणि साडेसात हजार! मी घरी जाहीर केलं की घासाघीस करावी तर माझ्यासारखी. बायकोनं त्या दिवशी मला मागितल्याशिवाय दुसरा चहा दिला. हा चहा पुढे फार महागात पडला, कारण शनिवारी आगाऊ रक्कम द्यायला गेलो तर मालकानं पावतीवर लिहायला सुरुवात केलेली: लोणावळा.

“लोणावळा नाही हो, लोणार.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. लोणार सरोवर. बुलढाणा.”

“बुलढाणा?” त्यानं एक फोन उलटा ठेवला. दुसराही ठेवला. मी गाडी समुद्रातून न्या म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

“ज्वालामुखी आहे तो,” बाकावरून आवाज आला.

बाकावर एक काका बसले होते. ते गिऱ्हाईक नव्हते. गणपतीपुळ्याला गेलेल्या गाडीत त्यांची छत्री राहिली होती आणि ती मिळेपर्यंत ते रोज अकरा ते एक तिथं येऊन बसायचे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसला तो त्यांच्या मांडीवरचा कागद, त्यावर तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या चार फोडी, आणि दातात अडकलेली बी जिभेनं शोधत असलेला त्यांचा गाल.

“गरम असतं का काका तिथं?” मालकानं त्यांना विचारलं. मला नाही, त्यांना. “टायर नवीन टाकलेत.”

“आता शांत आहे,” काकांनी टायरांना अभय दिलं. मग बी सापडली. “पण सांगता येत नाही.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस गप्प बसला असता, किंमत बोलला असता आणि घरी गेला असता.

“काका, तो ज्वालामुखी नाही. उल्का पडून झालेलं विवर आहे.”

“कोण म्हणतं?”

मी सांगितलं. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून कसं दाखवून दिलं, तळात भोकं पाडून दगड कसे वर काढले, दगडातल्या एका खनिजावर एकदम प्रचंड दाब आला की ते न वितळताच काचेसारखं कसं होतं, त्या काचेला मास्केलिनाइट म्हणतात, आणि एवढा दाब ज्वालामुखीच्या बापालाही कसा जमत नाही. बोलता बोलता मी काउंटरवर मूठही आपटली. पेन घरंगळलं.

“मास्क तर आता गेले,” मालक म्हणाला.

“ते ठीक आहे,” काका म्हणाले. “तिथं आजूबाजूचा दगड कसला आहे?”

“बेसॉल्ट.”

“म्हणजे कसला?”

“… लाव्हाचा.”

काकांनी फोड कागदावर ठेवली आणि मालकाकडे पाहिलं. समोरच्याचा साक्षीदार फुटल्यावर वकील न्यायाधीशाकडे बघतो, तसं.

“अहो, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! अख्खी दख्खन त्याच्यावर आहे. हे दुकानसुद्धा त्याच्यावरच आहे!”

मालकानं खाली फरशीकडे पाहिलं.

“मग मी दुसरं काय म्हणतोय?” काका म्हणाले. “बरं, तुमची उल्का पडली. आता कुठंय ती?”

“नाही. म्हणजे आदळताना बहुतेक सगळी वितळली. वाफ झाली.”

“वाफ.”

“हो.”

“खड्डा आहे. दगड नाही.”

“हो.”

“आणि हे तुम्हाला पटलं.” त्यांनी पुढची फोड उचलली. “लवणासुराच्या गोष्टीत निदान झाकण तरी आहे. दैत्य खाली राहत होता, देवानं अंगठ्यानं झाकण उडवलं, दैत्य मारला. झाकण, भोक, दैत्य, सगळा हिशेब लागतो. तुमच्यात मुख्य वस्तूच नाही. तुम्ही गेलायत का तिथं?”

“अजून नाही, आता तर…”

“मी गेलोय. एकाहत्तर साली, शाळेच्या सहलीला. आमच्या मास्तरांनी काठावर उभं करून सांगितलं, मुलांनो, हा ज्वालामुखी. असा उग्र वास येत होता.” त्यांनी पेरू धरलेला हात नाकाशी नेला.

एकाहत्तर. मी मनात दोन वर्षं मोजली. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. चहूकडे लाव्हाचा दगड, त्यात गोल खड्डा, मग दुसरं काय वाटणार? तेव्हा चांगले चांगले लोक हेच सांगायचे. पुढे दोन वर्षांनी ते शास्त्रातून गेलं, पण तोवर ही मुलं पुण्याला परतली होती, आणि त्यांना कळवायला कुणी आलं नाही. काठावर रांगेत उभा, नाक चिमटीत धरलेला हाफपँटमधला मुलगा मला दिसायला लागला आणि मी जरासा विरघळलो.

तेवढ्यात मालकानं निकाल दिला. “काका जाऊन आलेत, साहेब. तुम्ही अजून गेला नाहीत.”

आणि त्यानं कॅल्क्युलेटर ओढला. आउटस्टेशन, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, त्यावरचे वेगळे, ड्रायव्हरचा भत्ता, नाइट हॉल्ट, टोल-पार्किंग तुमचं. एकवीस हजार. “आणि पाचशे.”

“पाचशे कसले?”

“नाही, आता काका म्हणतायत तर… रिस्क.”

“अहो, पण तो ज्वालामुखी नाहीये!”

“नसू द्या ना. असला तर?”

पंधरा मिनिटं मी भांडलो. पाचशेचे तीनशे केले. बाहेर पडताना मला चक्क बरं वाटत होतं, छाती थोडी पुढे आली होती, आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की जो ज्वालामुखी नाहीच, त्याच्या भावात मी दोनशे रुपयांची सूट मिळवली होती.

पण त्याआधी छत्री आली. एक पोरगा गॅरेजकडून धावत आला, हातात छत्री. काकांनी ती उघडली, मिटली, दांडा पाहिला. “ही निळी आहे. माझी काळी होती.”

“काळीच होती काका,” मालक पावतीवरून नजर न उचलता म्हणाला. “आठ दिवस गाडीत काचेशी होती, उन्हानं निळी पडली.”

काकांनी क्षणभर विचार केला. “बरोबर आहे,” म्हणाले, आणि छत्री काखेत घालून, राहिलेली फोड मला देऊ करून, निघून गेले. मास्केलिनाइटवर वीस मिनिटं उलटतपासणी करणारा माणूस!

फोड मी खाल्ली. भूक लागली होती.

मालकानं तेवढ्यात पावती पूर्ण केली होती. ‘लोणार लिहा,’ मी म्हणालो. ‘समजलं हो साहेब,’ तो म्हणाला, ‘ड्रायव्हरला हेच सोपं पडेल.’ माझ्यामागे कोकणच्या चौकशीला आलेलं एक जोडपं उभं होतं, त्यातल्या बाई नवऱ्याला हळूच विचारत होत्या, ‘कुठला हो ज्वालामुखी?’ मी सही केली. भारतात जागा ज्वालामुखी एकच आहे, तो अंदमानात बॅरन बेटावर, हा माझा सगळ्यात भारी मुद्दा मला सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आठवला. तोंडात अजून तिखटमीठ होतं.

घरी साडेसात हजारांचे एकवीस हजार तीनशे कसे झाले, याची चौकशी दोन दिवस चालली. ती इथं देत नाही. पावती मी लपवणार होतो, पण हिशेबासाठी ती मागितली गेली आणि हातोहात फिरून आईकडे पोचली. आईनं ती चष्मा लावून वाचली. मग शेगाव सुटल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी उत्सुकता दिसली. संध्याकाळी ती मावशीशी फोनवर बोलत होती. “नाही गं, तळं नाही. मला आधी तळंच सांगितलं होतं यानं.”

काल रात्री ती कपाटापुढे उभी होती, बॅग उघडी.

“अरे, मग स्वेटर नकोच ना घ्यायला?”