मत मागणारा ग्रंथपाल

ज्या माणसाची हयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली गेली, त्याने मतांसाठी घसा कोरडा करावा, हे त्या पाटीलाही रुचणार नाही. तरीही महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या आमच्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरला आहे. गोव्यात हे धाडसच म्हणायचे. पणजीत १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय निघाले, म्हणजे या व्यवसायाची येथली परंपरा जुनी. आणि दुसऱ्याने लावलेले कपाट चुकीचे लावले आहे असे मानण्याची परंपराही, माझ्या मते, तितकीच जुनी असावी.

पहिला अडसर मतदारयादीचा. ती नावांच्या क्रमाने लावलेली होती, आणि तालिकीकरण, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी शिस्तीत लावणे, शिकलेल्या माणसाला अशी यादी डोळ्यांसमोर ठेवून जेवण जात नाही. मी ती आडनाव, स्वल्पविराम, मग नाव अशी नव्याने लावली, तेव्हा सगळे नाईक एका जागी आले आणि त्यांतले फोंड्याचे कोणते व डिचोलीचे कोणते हे उलगडेना. अशा वेळी शास्त्र सांगते की नावापुढे जन्मसाल द्यावे. जन्मसाल विचारण्यासाठी मी दूरध्वनी केले. त्या भरात मत मागायचे राहिले, आणि काही भगिनींची मते तर तिथल्या तिथेच गेली.

मग जाहीरनामा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे असल्यामुळे मी चार ओळींत आटोपले. माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे पाचवे सूत्र मनावर घेतले असावे, कारण त्यांचा जाहीरनामा दर आठवड्याला एका पानाने वाढतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत निवडणुकांचा वर्गांक ३२४ आणि मराठी कथा-कादंबऱ्यांचा ८९१.४६३, त्यांची आश्वासने कोणत्या कपाटात ठेवावीत याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत जो भेटतो तो “सर, मत तुमकांच” असे म्हणतो, आणि प्रतिस्पर्ध्यांनाही हेच म्हणतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली शेवटी ग्रंथपालाच्याच टेबलावर का येतात, निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या का राहतात, यांवर मी तावातावाने बोलतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि ग्रंथपाल दिनाच्या जेवणात नुस्तें असेल का, एवढेच विचारतो. हा दिन १२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जयंतीला येतो, आणि त्या सुमारास बहुधा श्रावण चालू असतो. निम्म्या मतदारांना त्या दिवशी मासळी चालत नाही, उरलेल्यांना तिच्यावाचून चालत नाही. प्रतिस्पर्ध्यांनी दोन्ही गटांना होकार दिला आहे. मी मात्र संघटनेची घटना काढून पाहिली: जयंतीची तारीख बदलण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, तो सर्वसाधारण सभेलाही नाही, आणि हे मी मतदारांना लेखी कळवले आहे.