खरं मी इलेक्ट्रिकलमध्ये नव्हतो

गेल्या रविवारी मला तीनदा जहाजातून बाहेर फेकलं. फेकलं म्हणजे काय, तो माझा पांढरा बाहुला हातपाय ताठ करून गोल गोल फिरत काळ्या आभाळात गेला आणि मागून अक्षरं उमटली की हा इम्पोस्टर नव्हता. तिन्ही वेळा नव्हतो. खरं सॉरी राहू दे, साधं 'अरेरे' म्हणायची बी कुणाला गरज वाटली नाही, आमचा अथणीचा दोस्त तर "होगली बिडो" (जाऊ दे, सोड) म्हणून पुढच्या गेमला तयार.

गेम तुम्हाला माहीत असणार, अमंग अस. 2018 ला निघाला तेव्हा त्याला कोण विचारत नव्हतं, 2020 ला लॉकडाऊन पडलं आणि जगातली घरात कोंडलेली सगळी माणसं एका अंतराळयानात चढली, त्यात आम्ही बी चढलो. बाकीचं जग नंतर उतरलं असंल, आम्ही अजून दर रविवारी रात्री नऊला खेळतो, कारण आमच्या खानदानात चालू झालेली गोष्ट बंद करायला कुणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो आणि तो कोण घेत नाही. बेळगावच्या शहापुरात मी आणि बायको, निपाणीत ताई, दाजी आणि आठवीतला भाचा, खानापूरच्या पुढं जंगलाकडंला मामेभाऊ, पुण्यात मावसभाऊ, आणि हा अथणीचा दोस्त जो घरी कन्नड बोलतो आणि आमच्यात मराठी. आठजण. जहाजावर सगळ्यांना कामं असतात, वायरी जोडा, कचरा सोडा, अ‍ॅडमिनमध्ये कार्ड स्वाइप करा (हे कार्ड जोरात ओढलं तर म्हणतं जोरात झालं, हळू ओढलं तर म्हणतं हळू झालं, सरकारी ऑफिसात हेलपाटे घातलेल्या माणसाला हे काय नवीन नाही). त्यातले दोघं इम्पोस्टर. ते कामं केल्यासारखं करतात, मधेच एकाला मारतात, व्हेंटमधनं, म्हणजे हवेच्या बोगद्यातनं, पळतात. मुडदा सापडला की मीटिंग, मीटिंगमध्ये बोंबाबोंब, मग मतदान, ज्याला जास्त मतं तो बाहेर. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप कॉल लावून बसतो, खेळताना सगळे म्यूट, मुडदा पडला की सगळे एकदम अनम्यूट, त्यात ताईच्या कुकरची शिट्टी.

असल्या खेळांचं मूळ म्हणे मॉस्कोत. 1986 ला तिथल्या युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ नावाच्या माणसानं 'माफिया' नावाचा खेळ काढला, त्यातलीच ही सगळी पिलावळ. डोकं एवढंच की थोड्या माणसांना सगळं ठाऊक आणि जास्त माणसांना काहीच ठाऊक नाही, आणि जास्तवाल्यांनी बोलून बोलून थोड्यांना हुडकून काढायचं. आता थोडे कोण आणि जास्त कोण ही चर्चा बेळगावात बसून करायची नसते, ती सीमेची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. अमंग असमध्ये मीटिंग दोन-तीन मिनिटांत उरकते. आमची 1956 ला बसलीय, अजून स्किपच (म्हणजे कुणालाच मत नाही) पडायलाय.

तर मुद्दा असा की मला खोटं बोलता येत नाही. लहानपणी चिठ्ठ्यांचा राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो तेव्हापासून हीच बोंब. चोराची चिठ्ठी आली की माझे कान लाल व्हायचे, शिपायाला काय कामच नसायचं, तो चिठ्ठी उघडायच्या आधी माझ्याकडं बोट करायचा. म्हणून हा ऑनलाइन गेम आला तेव्हा मी लई खूश झालो. फोनवर कान दिसत नाहीत! मनात म्हटलो, आता बघा. आणि पहिल्याच रविवारी इम्पोस्टर झालो, मामेभावाला इलेक्ट्रिकलच्या खोलीत मारलो, व्हेंटमधनं निघून मेडबेत, म्हणजे दवाखान्याच्या खोलीत, जाऊन सज्जनासारखा उभा राहिलो, आणि मीटिंगमध्ये दहा सेकंदात पकडलो गेलो. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या तेच. चार महिने तेच. कुणी बघितलेलं नसायचं, खरं मी तोंड उघडलो की भाचा म्हणायचा, "मामा हाय," आणि बाकीचे पटापट मतं टाकायचे, चर्चा बी नाही.

बाकीच्यांचं बघा. दाजी तंबाखूच्या व्यापारातले, खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव एकाच चेहऱ्यानं सांगणारा माणूस. स्वतःच मारतात, स्वतःच रिपोर्ट करतात, आणि मग दमलेल्या आवाजात, "आता मी येतोय तर ही पोरगी पडलीय बघा, कोण हो असं करायलाय?" ही पोरगी म्हणजे ताई, त्यांची बायको, आत्ताच मारलेली. दाजींची दुसरी खोड म्हणजे आपलाच जोडीदार अडकायला लागला की सगळ्यात आधी त्याच्याविरुद्ध मत टाकायचं, मेला तर मेला, पुढचा अख्खा गेम दाजींवर संशय नाही. एकदा त्यांनी असं स्वतःच्या पोराला विकलं. भाचा त्या रात्री जेवला नाही.

मामेभाऊ खानापूरकडचा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडं पाऊस असा की त्याचं नेटवर्क जातं-येतं, आणि या माणसानं त्याचं बी भांडवल केलंय. प्रश्न अवघड आला की "हॅलो... हॅलो... ऐकू येईना..." उन्हाळ्यात बी ऐकू येईना. अथणीचा दोस्त दुसऱ्या टोकाचा, तो कुणालाही, कशालाही, पहिल्या सेकंदापासून "सुळ्ळ हेळतान! सुळ्ळ!" (खोटं बोलतोय, खोटं!) म्हणून ओरडतो, तो स्वतः इम्पोस्टर असला तरी तेवढंच ओरडतो, त्यामुळं त्याच्या ओरडण्यावरनं काय बी कळत नाही. पुण्याचा मावसभाऊ टाइमलाइन मांडतो. कोण कुठं किती सेकंद होतं, कोण कुणाच्या मागनं निघालं, मेडबेतला स्कॅन कोण उभं राहून बघितलं. नव्वद टक्के बरोबर असतो आणि एवढा वेळ बोलतो की ऐकणारा कंटाळून त्यालाच मत टाकतो.

आणि माझी बायको. ती फक्त एक शब्द बोलते. मुडदा सापडला, सगळे ओरडायलेत, की ती शांतपणे विचारते, "कुठं?" बस. तुम्ही सांगता कुठं. मग ती, "मग तू कुठं होतास?" आता बोलायचं काम तुमच्याकडं आलं. खोटं तिला बोलावंच लागत नाही, समोरचा खरं सांगताना इतका घाबरतो की तोच चोर वाटायला लागतो. ही कला ती गेममध्ये शिकली नाही एवढंच सांगतो.

तर मी का सापडायलोय हे मला भाच्यानं सांगितलं, ते बी गणपतीत घरी आला तेव्हा, मोदकाच्या नादात तोंडातनं निसटलं म्हणून. "मामा, तू खोटं बोलतोस तेव्हा 'पण' म्हणतोस."

मला कळेना. तो म्हणाला, खरं बोलतोस तेव्हा 'खरं' म्हणतोस.

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला पाहिजे, आमच्या बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात 'पण'ला 'खरं' म्हणतात. मी येणार होतो खरं पाऊस आला. जेवलोय खरं भूक हाय. पुण्याच्या मावसभावाला पहिली दोन वर्षं वाटायचं आम्ही शपथा घ्यायलोय. आणि दुसरं म्हणजे आम्ही 'मी केलो' म्हणतो, 'मी केलं' नाही. मी बघितलो, मी सांगितलो, मी खाल्लो. हे कन्नडच्या शेजारानं झालं म्हणतात, असंल. तर भाच्याचं म्हणणं असं, की मी निर्दोष असलो की म्हणतो, "मी वायरी जोडलो खरं इलेक्ट्रिकलमध्ये गेलोच नाही!" आणि इम्पोस्टर असलो की माझ्या तोंडातनं एकदम बातम्या वाचणारा माणूस बोलायला लागतो: "मी स्कॅन केलं, पण तिथे कोणीच नव्हतं." तिथे! तिथं नव्हं, तिथे!

मी अवाक झालो. म्हणजे खोटं बोलायचं झालं की मी पुण्याला जातो. शाळेत बाईंनी मारून मारून शुद्ध बोलायला शिकवलं होतं, ते सगळं कुठंतरी आत कपाटात इस्त्री करून ठेवलेलं, आणि नेमकं पाप करताना ते कपडे घालून मी बाहेर पडतो. विचार केलो तर बरोबर हाय, आयुष्यात शुद्ध मराठी मी बोललो कधी? इंटरव्ह्यूला, बँकेत, आणि सासरे पगार विचारले तेव्हा. म्हणीत बी बघा ना, 'खोटं बोल पण रेटून बोल.' म्हण करणाऱ्यालाच ठाऊक होतं की खोटं बोलल्यावर लगेच पुढं काय येतं.

सगळ्यांना माहीत होतं. चार महिने. अथणीच्या दोस्ताला सुद्धा, ज्याची मातृभाषाच मराठी नाही, त्याला बी माझं व्याकरण बिघडलेलं, म्हणजे सुधारलेलं, लगेच कळत होतं. आणि अर्थात बायकोला. बायकोला तर लग्नापासून कळत होतं, गेम नंतर आला.

इथनं माझे खरे हाल सुरू झाले, कारण आता हे मला बी माहीत झालं. घरात साधं वाक्य बोलायची चोरी. ऑफिसात बरं आहे, घरनं काम करतो, साहेब पुण्याचा, त्याला "रिपोर्ट तयार आहे पण सर्व्हर चालत नाहीये" म्हटलो की त्याला वाटतं माझी भाषा सुधारायलीय. घरी तसं नाही. बायकोनं सकाळी सांगितलं होतं, येताना अर्धा किलो कुंदा आण, दाजींकडं पाठवायचाय. मी खडेबाजारात गेलो, एक जुना मित्र भेटला, चहा झाला, दुसरा चहा झाला, कुंदा डोक्यातनं गेला. घरी आल्यावर ती विचारली आणि मी चप्पल काढता काढता बोलून गेलो, "गेलो होतो, पण दुकान बंद होतं." चप्पल अजून पायातच. तिनं फक्त बघितलं. मी लगेच सुधारणा केलो, "म्हणजे, गेलतो खरं..." तर ती म्हणाली, "राहू दे, पहिलंच बरं होतं."

मग मी ठरवलो की सराव करायचा. खोटं 'खरं' लावून बोलायचं. आंघोळ करताना, गाडीवर, एकटाच. "मी मारलो नाही खरं. मी नव्हतो खरं. खरं मी अ‍ॅडमिनमध्ये कार्ड ओढालतो." गोगटे सर्कलच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी आमच्या भागात दोन दिवस हेल्मेटची काच खाली करूनच फिरलो. पुढच्या रविवारी इम्पोस्टर आलो तेव्हा सरावाप्रमाणं सुरुवात केलो, "खरं मी खरं तिकडं नव्हतो खरं, मी खरं..." दाजी मधेच म्हणाले, "पाव्हणं, एकदाच म्हणायचं असतंय ते." बाहेर. एकदा तर मधेच शहापुरात लाईट गेली, आणि त्याच वेळी गेममध्ये बी इम्पोस्टरनं लाईट घालवलेली, मी ओरडायलोय "लाईट गेली, लाईट गेली, घरातली गेली!" आणि सगळे इलेक्ट्रिकलकडं पळायलेत. इन्व्हर्टर चालू होऊन वायफाय परत येईपर्यंत गेममधनं माझं नावच गेलेलं. मावसभाऊ म्हणाला, पळून गेला म्हणजे हाच. माझ्या घरातल्या अंधारावर बी विश्वास नाही.

आणि आता गेल्या रविवारची तिसरी मॅच. मी साधा क्रूमेट, मनात पाप नाही. मेडबेच्या दारात उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत बायकोचा गुलाबी बाहुला व्हेंटमधनं वर आला. व्हेंटमधनं! इम्पोस्टरशिवाय कोण व्हेंटमध्ये जाऊच शकत नाही, हा म्हणजे पुराव्यांचा बाप. ती त्या वेळी खरोखर स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती, फोन मिठाच्या डब्याला टेकवून, मला मोहरीचा तडतड आवाज येत होता. मी पळत जाऊन बटण दाबलो, मीटिंग बोलावलो, अनम्यूट झालो आणि ओरडलो, "मी बघितलो! गुलाबी व्हेंटमधनं आली! मी स्वतः बघितलो!"

सगळे गप्प. फोडणीचा आवाज फक्त, तो बी दोनदा, एकदा भिंतीपलीकडनं आणि एकदा फोनमधनं.

मग ती शांतपणे, "कुठं?"

"मेडबेत! मी दारात उभा होतो खरं तू..."

"बघा," ती म्हणाली, "आता 'खरं' म्हणायला शिकलाय." आणि वर, "मागं कुंद्याचं दुकान बंद होतं म्हणाला माणूस. दाजी, तुम्हाला कुंदा मिळाला काय हो?"

दाजी म्हणाले, नाही. इतकं दुःखी 'नाही' मी त्यांच्या तोंडनं कधी ऐकलेलं नाही, आणि ते दुसरे इम्पोस्टर होते हे मला नंतर कळलं. भाच्यानं जरा विचार केल्यासारखं केलं. "मामा पूर्वी 'खरं' म्हटला की खरं असायचं," तो म्हणाला, "आता सांगता येत नाही." अथणीचा दोस्त, "सुळ्ळ!" मामेभाऊ, "हॅलो... हॅलो..." मावसभाऊ टाइमलाइन मांडायला लागला, ती नेमकी माझ्या बाजूची होती, म्हणून कुणी ऐकली नाही. सहा मतं.

मेल्यावर बी टास्क करता येतात, भूत होऊन, तेवढाच टीमला हातभार. मी भिंतीतनं आरपार तरंगत अ‍ॅडमिनमध्ये गेलो आणि कार्ड ओढलो. पहिल्या झटक्यात घेतलं. जोरात नाही, हळू नाही, हिरवा दिवा. एवढे दिवस खेळतोय, पहिल्यांदा. बघायला कुत्रं नव्हतं.

चार मिनिटांत दाजी आणि ती जिंकले. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग ती आतनंच विचारली, "रागावलास काय रे?"

"छे गं," मी म्हटलं, "खेळ आहे तो, त्यात कसला आलाय राग, पण आमटी झाली का ते सांग."

आतून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत राहिला.