काय वाटलं तुला?

गुरुवारी संध्याकाळी ‘या आठवड्यातले कार्यक्रम’ सासूबाईंच्या हाती पडले, की आमच्या घरातली लोकशाही रविवार रात्रीपर्यंत स्थगित होते. त्या चष्मा पुसतात, लाल पेन्सिल शोधतात आणि मैफल, प्रदर्शन, लघुपट, नाट्यवाचन असं वरून खाली खुणा करत जातात. वगळायचं काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही. नवऱ्याला शनिवारी सहाला नेमकं महत्त्वाचं काम निघतं. लग्नानंतर ते एकाही शनिवारी चुकलेलं नाही. उरले कोण, तर मी.

माझं कलेशी वैर नाही. गाणं चालू असताना मी सुखात असते, चित्रांसमोरही बरी असते. छळ सुरू होतो तो बाहेर पडताना. डोळे अजून उजेडाला सरावलेले नसतात, एक हात पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत असतो, आणि कानाशी प्रश्न येतो, “काय वाटलं तुला?” ‘छान’ या उत्तराला बंदी आहे. “छान काय, हवासुद्धा असते,” असं मला ऐकवून झालंय. मत हवं. तेही स्वतःचं हवं, म्हणजे त्यांच्या मताशी जुळणारं.

शिवाय आठवड्याची वाटणी कुणी केलीय कोण जाणे. मंगळवारी कुणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही. बुधवारी फार तर एखादं व्याख्यान. आणि शनिवारी सहाला एकीकडे ख्यालगायन, दुसरीकडे चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन, तिसरीकडे कुठल्याशा देशाचा पारितोषिकविजेता चित्रपट, आणि तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून शक्य तितकी लांब. यावर सासूबाईंचा तोडगा ठरलेला: उद्घाटनाला तोंड दाखवायचं, तिथून मैफल गाठायची, चित्रपटाचा दुसरा खेळ रविवारी. कागदावर हे जमतं. कागदावर भाषणं नसतात.

मैफल सहाची असेल तर सहाला फक्त माइक सुरू होतो. ‘हॅलो, हॅलो, चेक’ हा त्या संध्याकाळचा पहिला आलाप. मग संस्थेची वाटचाल, मग प्रायोजकांची वाटचाल, मग ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असं म्हणत उभे राहिलेले पाहुणे. हे वाक्य कानावर पडलं की मी स्वेटर बाहेर काढते, कारण सभागृहातल्या एसीला दोनच अवस्था ठाऊक असतात: बंद आणि सूड.

माझा स्वेटर दिसला की सासूबाईंना बेटहोवन आठवतो. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात त्याने आपल्याच नव्या रचनांचा कार्यक्रम केला. सभागृह गारठलेलं, वादकांची तालीम अपुरी, कार्यक्रम साधारण चार तासांचा, आणि शेवटच्या रचनेत तर सगळं असं विस्कटलं की थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. पण त्याच संध्याकाळी पाचवी आणि सहावी सिंफनी लोकांनी पहिल्यांदा ऐकली!

“त्या लोकांनी काढलीच ना थंडी?” सासूबाई कुजबुजतात.

“काढली असेल हो आई, पण त्यांना आधी पाहुण्यांचं भाषण नव्हतं.”

शेवटी पडदा सरकतो आणि वाद्यं जुळवायला सुरुवात होते. आत नीट लावून आणलेला तंबोरा मंचावरच्या दिव्यांची ऊब लागताच उतरतो. तबलजी हातोडीने ठोकत राहतो, कान लावतो, पुन्हा ठोकतो. कार्यक्रम सुरू झाला की व्हायचाय, हे मला कळेनासं होतं. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम सुटसुटीत असतं. ओबोवाला, म्हणजे सनईसारखं एक वाद्य फुंकणारा, एक स्वर धरतो, बाकीचे त्याला येऊन मिळतात आणि थोड्या वेळात सगळे मोकळे. आपल्याकडे जुळवणं हा एक स्वतंत्र अंक असतो, आणि खरं सांगू का, मला तो आवडतो.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली, आणि समोरच्या हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच तुम्हाला एवढं आवडलं असेल, तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर म्हणाले. हा किस्सा सांगून लोक त्या श्रोत्यांना हसतात. मी त्या श्रोत्यांच्या बाजूची आहे. कुणी विचारायच्या आत त्यांनी मत देऊन टाकलं होतं.

दाद नेमकी कुठे द्यायची, हे तर मला कधीच साधत नाही. पुढच्या रांगेतून ‘वा!’ येतं, ती जागा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर गायक पुढच्या तानेत गेलेला असतो. मी उशिरा ‘वा’ म्हटलं तर ते नेमकं त्याच्या खोकण्यावर पडतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात यावर पक्का बंदोबस्त होता. ‘क्लाक’ नावाची पगारी टोळीच प्रेक्षकांत बसायची. टाळ्या सुरू करणारे असायचे, हसणारे वेगळे, डोळ्यांना रुमाल लावणारे वेगळे, ‘पुन्हा, पुन्हा’ ओरडणारे वेगळे. त्यातला एक खास वर्ग तर आधी सगळं पाठ करून यायचा आणि आजूबाजूच्यांचं लक्ष चांगल्या जागांकडे वेधायचा.

सासूबाई या शेवटच्या पदावर बिनपगारी आहेत. “आता बघ हं, कोमल निषाद.” “थांब, थांब, आता येतोय समेवर.” सम आली हे मला कानाने कळतच नाही, ती थेट बरगडीत येते, कोपराच्या मार्गाने. पॅरिसवाल्यांनी एवढी पदं भरली, पण बाहेर पडल्यावर आपल्या वतीने मत देणारा माणूस काही नेमला नाही. त्याचा पगार मी आनंदाने दिला असता.

प्रदर्शनात प्रकरण आणखी बिकट, कारण तिथे काळोख नसतो. मैफलीत डोळे मिटले तर लोक तल्लीन समजतात. चित्रासमोर ती सोय नाही. किती वेळ उभं राहायचं याचा अंदाज लागत नाही. लवकर हललं तर उथळ ठरतो, रेंगाळलं तर कोपऱ्यात उभा असलेला चित्रकार आशेने एक पाऊल पुढे टाकतो. शीर्षकाचा आधार घ्यावा, तर तिथे लिहिलेलं असतं ‘शीर्षकहीन ४’. मी एका नेहमीच्या गृहस्थांना न्याहाळून त्यांची पद्धत उचलली आहे. दोन पावलं मागे, मान डावीकडे, डोळे किलकिले आणि एक लांब ‘हंऽऽ’. या ‘हं’चा अर्थ समोरच्याने लावायचा असतो. चित्रकार आतापर्यंत नेहमी चांगलाच अर्थ लावत आलेत. सासूबाई लावत नाहीत.

त्यांना गप्प करायला मी एकदा मातिस या फ्रेंच चित्रकाराला पुढे केलं. १९६१ साली न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं ‘ल बातो’ हे चित्र टांगलं होतं. शिडाची नाव आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब. ते सत्तेचाळीस दिवस उलटं होतं. ढीगभर लोक येऊन बघून गेले, त्यातले कितीतरी नक्कीच दोन पावलं मागे जाऊन, मान डावीकडे करून. शेवटी एका बाईंना खटकलं, की खालच्या प्रतिबिंबात वरच्या नावेपेक्षा जास्त तपशील कसे? रखवालदाराने मनावर घेतलं नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राला कळवलं आणि चित्र सुलटं झालं.

“म्हणजे बघा आई,” मी म्हटलं, “तिथे भल्याभल्यांना कळलं नाही, मग मला मत नसलं तर काय बिघडलं?”

सासूबाईंनी भलताच बोध घेतला. त्यांना त्या बाई आवडल्या. तेव्हापासून प्रत्येक अमूर्त चित्रासमोर त्या कमरेत वाकून, मान शक्य तितकी उलटी करून खात्री करून घेतात, आणि मी मागे त्यांची पर्स धरून उभी. गेल्या उद्घाटनाला तर त्यांनी चित्रकाराला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने विचारलं, “बरोबर लावलंय ना रे, बाळा?” तो हसला. मग चित्राकडे बघून हसू जरा कमी झालं. मग त्यानेही मान वाकडी केली.

नाट्यवाचनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चार जण खुर्च्यांवर बसून कागद वाचतात, आणि पान उलटायची वेळ आली की दुःख क्षणभर थांबतं.

राहिला चित्रपट. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून खेळ केला, तेव्हा दहा चित्रफिती दाखवल्या, प्रत्येक जेमतेम मिनिटभराची. कामगार कारखान्यातून बाहेर पडले, संपलं. त्यांच्या मनात काय खळबळ चालली होती, याचा शोध कुणी घेतला नाही. माझ्या मते कला तिथे परिपूर्ण झाली होती. त्यानंतर माणसं लावत गेली ते सगळं लांबण.

या रविवारच्या चित्रपटात एक माणूस खोलीत खुर्चीवर बसला होता. बराच वेळ. मग तो उठला आणि पाणी आणायला आत गेला. कॅमेरा त्याच्या मागे गेला नाही, खुर्चीसमोर थांबला. खुर्ची आम्ही पोटभर पाहिली. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर आलं. एवढ्यात माझ्या खांद्यावर सासूबाईंचं डोकं आलं आणि त्यांचा श्वास संथ लयीत पडू लागला. मी उठवलं नाही. दोन दिवसांत मला मिळालेली ती पहिली शांतता होती, आणि त्या भरात मी चित्रपट सगळाच्या सगळा पाहिला. तो माणूस परत आला. पाणी प्यायला, पेला खाली ठेवला, बसला. पुढे त्याची बहीण आली, जमिनीवरून बरंच काही झालं, आणि चक्क मला ते आवडलं.

दिवे लागले, सासूबाई ताठ झाल्या, आणि दिग्दर्शकाशी गप्पा सुरू झाल्या. अशा वेळी पहिला माइक ठरलेल्या गृहस्थांच्या हाती जातो. ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे,’ असं म्हणून त्यांनी आपलं सगळं आयुष्य मांडलं. दुसऱ्याने बजेट विचारलं. तिसरा हात शेजारून वर गेला, आणि मी तो खाली ओढायच्या आत माइक पोचलासुद्धा.

“तो माणूस पाणी आणायला आत जातो,” सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “तो परत का येत नाही?”

सभागृह स्तब्ध. माझ्या कानशिलांना घाम फुटला. तो येतो, सगळ्यांनी त्याला येताना पाहिलंय, पेल्यासकट. दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकला. त्याने चष्मा काढला.

“थँक यू,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर जड झाला होता. “परत येतो तो देह असतो. तो माणूस परत येतच नाही. इतके खेळ झाले, पण आज पहिल्यांदा कुणीतरी हे पाहिलं.”

टाळ्या पडल्या. निरीक्षणवाले गृहस्थ वळून आदराने बघू लागले. मागच्या रांगेतली मुलगी वहीत काहीतरी उतरवून घेत होती. सासूबाईंनी मान झुकवून सगळ्यांचा स्वीकार केला, माइक परत दिला, आणि माझ्याकडे कलून हळूच विचारलं,

“आला होता?”