हावेचा काय संबंध?

लेखात म्हटलंय, एनबीएतले (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) पगार खेळाडूंच्या हावेनं फुगले. राजेहो, बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास अर्धा वाटा लीग अन् खेळाडू संघटनेच्या करारानंच खेळाडूंचा ठरलेला आहे. 2016 मध्ये टीव्हीचा नवा करार लागू होताच सॅलरी कॅप, म्हणजे उत्पन्नावरून ठरणारी प्रत्येक संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, एका फटक्यात 7 कोटी डॉलरवरून 9.4 कोटींवर गेली. सगळ्याच संघांच्या खिशात पैसा, अन् बाजारात चांगले फ्री एजंट (करार संपलेले, कुठल्याही संघात जायला मोकळे खेळाडू) मोजकेच. नागपुरात मिहानचा मोठा उद्योग प्रकल्प आला तेव्हा वर्धा रोडच्या प्लॉटांचं झालं तेच! त्या वर्षीच्या फायनलमध्ये बहुतेक वेळ बाकावर बसलेल्या टिमोफे मोझगोव्हला लेकर्स संघानं 4 वर्षांचे 6.4 कोटी डॉलर मोजले. त्यानं कोणाच्या कानाला बंदूक लावली नव्हती. आमच्या शिवाजीनगरच्या कोर्टावरच्या पोरांना स्टार लोकांचे आकडे तोंडपाठ असतात, मोझगोव्ह कोणाला आठवत नाही.

आता कॅप वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे 11 वर्षांचा 76 अब्ज डॉलरचा टीव्हीचा करार येऊनही तसा धुमाकूळ झाला नाही. लेखकानं हा नियम कसा काय गाळला, तेवढं सांगावं.