वाळवणं सांगितलंत, धुणं राहिलं

क्रॅटम या आग्नेय आशियातल्या झाडाच्या पानांची घरच्या घरी पावडर करण्याची कृती तुमच्या लेखात छान सोपी करून सांगितली आहे: पानं वाळवा, शिरा काढा, दळा, चाळा. पण स्वच्छतेबद्दल अवाक्षर नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरला आणि ४१ राज्यांत १९९ जण आजारी पडले. वाळवल्याने हे जंतू मरतातच असं नाही, कोरड्या भुकटीतही ते दीर्घकाळ तग धरतात. उकळलं तर मरतात, पण पावडर तशीच तोंडात टाकणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरं म्हणजे ‘शेवटी पानच ते’ हा लेखाचा सूर. थायलंडमध्ये मजूर ताजं पान मधली शीर काढून चघळतात, तेव्हा किती पानं झाली ते कळतं. पावडरीचा एक चमचा म्हणजे किती पानं, कोण सांगणार? या पानातलं मित्रागायनिन हे मुख्य द्रव्य, मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) अफू काम करते, त्यांवरच काम करतं. रोज घेणाऱ्याला सवय लागते, सोडताना अंग मोडून येतं. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका, एवढी बारीक सूचना लेखात आहे. ही मात्र नाही!