वाळू माथी मारली नाही, मासे बघून दिली

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीन फुटी रीफ टाकीसाठी (खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी) आम्ही २५ किलो अ‍ॅरागोनाइट वाळू (कॅल्शियम कार्बोनेटची, पांढरी) गरज नसताना माथी मारली. पाणी चार दिवस दुधाळ राहिलं. पंधरवड्यात वाळूवर तपकिरी थर चढला, समोरच्या काचेवर चरे पडले. पुण्यातल्या मित्राच्या टाकीत तर वाळूच नाही, तरी ती झकास चालते. तेव्हा वाळू परत घ्या आणि पैसे द्या. तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथंच देतो. सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी लावणारे आता बरेच झालेत, त्यांनाही उपयोग होईल.

आधी पुण्याचं बघू. बिनवाळूची टाकी, जिला आपण सगळे ‘बेअर बॉटम’ म्हणतो, ती चुकीची नाही. मीही लावून देतो. तळाला नुसती काच असली की वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) पूर्ण जोरात चालवता येतो, वाळू उडायची भीती नसते. विष्ठा आणि उरलेलं खाद्य एका कोपऱ्यात गोळा होतं, पाणी बदलताना नळीनं ओढून घ्यायचं की झालं. पुढं काचेवर कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर चढतो, मग तळ उघडाबोडकाही दिसत नाही. तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या त्या टाकीत टँग आणि क्लाउनफिश होते. त्यांना वाळू असली काय नि नसली काय.

तुमची यादी वेगळी होती. काउंटरवर तुम्ही पहिलं नाव घेतलंत येलो कोरिस रॅसचं आणि दुसरं डायमंड गोबीचं. दिवे मालवले की रॅस वाळूत शिरतो आणि सकाळपर्यंत तिथंच झोपतो. घाबरला तरी डोकं खाली करून वाळूत सूर मारतो. खाली काच असेल तर थोबाड फोडून घेतो. गोबीचं तर पोटच वाळूवर: तोंडभर वाळू घ्यायची, त्यातले बारीक जीव गिळायचे, उरलेली कल्ल्यांतून सोडून द्यायची. दिवसभर हाच उद्योग. या दोघांना नुसत्या काचेवर ठेवा असं मी सांगितलं असतं, तर तुमचा एक स्टार मी मुकाट्यानं घेतला असता. आधी मासे ठरवायचे, मग तळ. आमच्याकडं वाळू मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न ‘कोणते मासे?’ हाच असतो, तुम्हालाही तोच विचारला होता.

आता २५ किलोचा हिशेब. टाकी ९० बाय ४५ सेंटीमीटर, रॅसला थर ५ सेंटीमीटर तरी हवा. म्हणजे सुमारे २० लिटर वाळू. लिटरला दीड किलो धरा, झाले ३० किलो. दगड थेट काचेवर ठेवा असं सांगितलं होतं, कारण वाळूवर ठेवले तर गोबी खालून पोखरतो आणि एके दिवशी दगडांचा सगळा ढीग समोरच्या काचेवर येतो. दगडांची जागा वजा केली नि २५ दिले. माथी मारायचीच असती तर ३० मारली नसती का?

तुम्ही जाड दाणा मागत होता, मोडक्या प्रवाळाचा चुरा. तो आम्ही ठेवतच नाही. एक तर कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, नसती भानगड कोण ओढवून घेईल? दुसरं, ज्वारीएवढ्या दाण्यांच्या फटींत घाण जाऊन बसते आणि गोबीचं तोंड सोलून निघतं. खसखशीएवढी बारीक घेतली तर वेव्हमेकरपुढं खड्डे पडतात. म्हणून भगरीएवढा, १ ते २ मिलिमीटरचा दाणा दिला. ‘अ‍ॅरागोनाइट टाकूनही केएच उतरतो’ असंही तुम्ही ओघात लिहिलंय. केएच म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, प्रवाळ सांगाड्यासाठी ती वापरतात. उतरणारच. पीएच ७.७ च्या आसपास किंवा त्याखाली जाईपर्यंत खाऱ्या पाण्यात ही वाळू जवळजवळ विरघळतच नाही, आणि आपली टाकी चालते ८.० ते ८.३ ला. प्रवाळ जे ओढून घेतात ते डोसिंगनं, म्हणजे द्रावण मोजून घालूनच, भरावं लागतं.

दुधाळ पाण्याचं कारण साधं आहे. कोरड्या वाळूत बारीक भुकटी असते. पोतं बादली-बादलीनं धुवायचं, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत, आणि वाळू पाइपातून तळाशी सोडायची. बिलाच्या मागं छापलंय ते. न धुता, वेव्हमेकर चालू ठेवून वरून ओतली की असंच होतं. अर्थात त्यानं मासे मरत नाहीत. फिल्टरात फ्लॉस (कापसासारखं गाळणं) लावला की दोन-तीन दिवसांत निवळतं.

तपकिरी थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. त्यांना सिलिका लागते आणि ती बहुतेक वेळा पाण्यातूनच येते. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, मग बोअरचं वापरलं जातं. ते येतं काळ्या खडकातून, सिलिका घेऊनच. तुम्ही म्हणालात, ‘आरओचंच वापरतो.’ पण टॉपअपसाठी, म्हणजे वाफ होऊन घटलेलं पाणी भरायला, वापरता त्या पाण्याची बाटली तुम्ही आणली होती, तिच्यात माझा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शंभराच्या वर गेला. रीफ टाकीला शून्य हवं. किचनमधल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. प्यायला ते उत्तम, टाकीला नाही.

राहिले चरे, आणि इथं मला तुमचा फोटो मोठा करून बघावा लागला. आम्ही दिलेल्या वाळूत काळा दाणा एकही नसतो. तुमच्या टाकीत पांढऱ्यात काळे ठिपके सगळीकडं पसरलेत आणि थर ५ नव्हे, चांगला ८ सेंटीमीटरचा दिसतो. नंतर कुणी तरी बांधकामाची वाळू वरून टाकलेली आहे. भीमा-सीनेच्या वाळूत बेसाल्टमधून सुटलेले मॅग्नेटाइटचे काळे दाणे असतात, चुंबकाला चिकटणारे. खात्री करायची तर चिमूटभर वाळू वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यावरून फिरवा. काच पुसायचा तुमचा क्लीनरही चुंबकाचाच. तो तळापर्यंत नेला की हे दाणे फडक्यात अडकतात आणि त्यांच्यासकट तुम्ही काच घासता. फोटोतले चरे खालच्या चार बोटांतच आहेत, वर एकही नाही. (गणपतीपुळ्याहून फुकट आणली असती, असंही तुम्ही लिहिलंय. किनाऱ्याची वाळू उचलण्याचे नियम बाजूला ठेवले तरी रत्नागिरीकडच्या वाळूत काळं इल्मेनाइट, असंच लोहाचं खनिज, असतं. तेव्हा तोही विचार सोडा.)

आता काय करायचं ते सांगतो. सगळी वाळू एकदम ढवळू नका, खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. दर आठवड्याला पाणी बदलताना एक तृतीयांश भागातली वाळू जाड नळीनं ओढून काढा, पुढच्या आठवड्यात पुढचा भाग. मिसळलेली वाळू वेगळी करत बसू नका, जाऊ द्या. रॅससाठी एका कोपऱ्यात पसरट डबाभर स्वच्छ अ‍ॅरागोनाइट ठेवा, तेवढ्यावर तो झोपतो. गोबी तोवर माझ्या टाकीत आणून सोडा, त्याचं भाडं घेणार नाही. सगळी काढून झाली की बिनवाळूची ठेवायची की नव्यानं घालायची ते मासे बघून ठरवू. बिनवाळूची ठेवायची तर गोबी मात्र मीच ठेवून घेईन, त्याची खरेदीची किंमत तुम्हाला परत.

वाळूचे पैसे परत मिळणार नाहीत. उघडलेली, ओली वाळू मी दुसऱ्याच्या टाकीसाठी विकू शकत नाही, आणि आता तर ती भेसळीची आहे. डीआयचं (सगळे क्षार काढलेलं) पाणी दुकानात कॅननं मिळतं, पहिले दोन कॅन माझ्याकडून. रविवारी आम्ही दुपारी एकपर्यंतच असतो, त्याआधी या.